आत्याच्या नावावर

आत्या वाचनालयाची पुस्तकं पिशवीत घालून फाटकाबाहेर पडली आणि धाकट्याने पुढचं दार लोटून घेतलं. नुसतं लोटलं नाही, कडी लावली. भर दुपारी, सगळे जागे असताना या घराला कधी कडी लागत नसे. टेबलाभोवती बसलेल्या चौघांनी, म्हणजे वडील अण्णा, थोरला भाऊ, वहिनी आणि बहीण तायडी यांनी, माना वर केल्या.

"काय रे, लिफ्ट अडकली का तुझी?" थोरला म्हणाला. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, आणि थोरल्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले निम्मे विनोद या एकाच विषयावर चालत.

"आत्या यायच्या आत बोलायचंय," धाकटा म्हणाला, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला.

सकाळपासून घरात एकच विषय चालू होता. कॉलनीने सगळ्या रहिवाशांसाठी मिळून आरोग्य विमा ठरवला होता आणि नाव द्यायचा आज शेवटचा दिवस होता. सेक्रेटरी क्लबरूममध्ये टेबल टाकून बसले होते, दिवे लागेपर्यंत बसणार होते. एकट्याने विमा घ्यायला जावं तर जो हप्ता पडतो त्याच्या निम्म्याहून कमी, शिवाय जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरणार. अटी दोनच होत्या. जे असेल ते खरं सांगायचं, आणि एकाच माणसाला तीनपेक्षा जास्त जुने आजार असतील तर त्याला घ्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडून ते पडताळूनही घेणार होते.

"आत्याला ते घेणार नाहीत," धाकटा म्हणाला.

"आत्यांना कुटुंबात धरतच नाहीत," वहिनीने समजावलं. ती फर्निचरच्या दुकानात कॅश काउंटरवर बसायची आणि घरातला प्रत्येक खर्च आधी तिच्या नजरेखालून जायचा. "नवरा-बायको, मुलं, आईवडील, एवढंच. त्यांचं वेगळं नाव द्यावं लागेल. म्हणून तर म्हणतेय, या वर्षी आपलं करू, त्यांचं पुढच्या वर्षी बघू."

"वेगळं दिलं तरी घेणार नाहीत, वहिनी. मागच्या वर्षी मी गुपचूप प्रयत्न केला होता, दुसऱ्या कंपनीत. त्यांनी दवाखान्यातून माहिती मागवली आणि नाही म्हणाले. का, म्हणून विचारलं तर तिथल्या पोरीने फोनवर वाचून दाखवलं." तो बोटांवर मोजायला लागला. "आत्याला साखर आहे. ब्लड प्रेशर आहे. थायरॉइड आहे. आणि तिला फिट येतात."



हे धाकट्याने वर्षभर एकट्याने पोटात ठेवलं होतं. आत्या जिना चढायला लागली की तो काहीतरी निमित्त काढून मागे जाऊन उभा राहायचा. तिच्या हातातली बादली काढून घ्यायचा, आणि ती म्हणायची, "अरे, मी काय काचेची आहे का?" अलीकडे जेवण झाल्यावर ती उजव्या बरगडीखाली हात दाबून बसते हे त्याने पाहिलं होतं, आणि यातला नक्की कोणता आजार पोटात दुखवतो ते कुणाला विचारावं हे त्याला कळत नव्हतं. आज सांगितलं की घर हादरेल, तायडी रडेल, भाऊ म्हणेल की काय वाटेल ते करू पण तिला आधी मोठ्या डॉक्टरकडे नेऊ, असं त्याला वाटलं होतं.

थोरला पंख्याकडे बघत होता. तायडीने नखावरच्या रंगाचा टवका खरवडायला घेतला. अण्णा खोकले, आणि तो खोकला खरा नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"अं?" थोरला म्हणाला. "म्हणजे, तसं थोडंफार."

*

वहिनीचं लक्ष नवऱ्याच्या कानांकडे गेलं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर तिला त्याचे कान वाचता यायचे. स्कूलची गाडी कुणी ठोकली आणि त्याने घरी सांगितलं नाही, की कान तांबडे व्हायचे. आत्ता ते तसेच झाले होते.

या घरात रोज सकाळी आत्या बिस्किटांचा जुना डबा घेऊन टेबलाशी बसायची. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात तिने उभी हयात काढलेली, त्यामुळे कागद दिसला की अंगठ्याच्या नखाने घडी घालायची तिला सवय. गोळ्यांची पाकिटंही ती तशीच घड्या घालून ठेवायची. अण्णांच्या कपाशेजारी एक गोळी, थोरल्याच्या कपाशेजारी एक. तायडी कॉलनीतच मागच्या गल्लीत राहायची, पार्लर उघडण्याआधी रोज चहाला यायची आणि एक गोळी घेऊन जायची. तायडीच्या नवऱ्याला वाटायचं, बायकोचा आत्यावर फार जीव आहे.

"अहो," वहिनी म्हणाली, "तुमची ती सकाळची व्हिटॅमिनची गोळी. ती कसली?"

"व्हिटॅमिनची."

"कुठलं व्हिटॅमिन?"

थोरल्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खिडकीकडे पाहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे टेबलावर निम्म्या लोकांना खवखवत होतं.

"साखर माझी आहे," थोरला एकदम म्हणाला. "आत्याची नाही. झालं?"

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. थोडीच आहे. गोळीवर भागतं. अण्णा म्हणाले, स्थळं बघायची आहेत, नावावर कशाला…"

वहिनी उठली, उगीच सिंकपर्यंत गेली आणि परत आली.

"मी रोज तुझ्या चहात दोन चमचे साखर घालते," ती म्हणाली. सासऱ्यांसमोर तिच्या तोंडून नवऱ्याला पहिल्यांदाच 'तू' गेलं होतं आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. "रोज. स्वतःच्या हाताने. आणि तू पितोस?"

"बिनसाखरेचा मागितला असता तर तुला कळलं नसतं का?"

"म्हणून प्यायलास?"

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती आणि तिने बुटांच्या दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. ते आठवून तिला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. या माणसाला तिने घरखर्चातली पै न् पै सांगितली होती.

"थायरॉइड माझं," तायडी बारीक आवाजात म्हणाली. "आता सांगूनच टाकते. पण ह्यांना कळू देऊ नका. सासूबाई म्हणतील, तरी मी म्हणतच होते."

"आणि ब्लड प्रेशर?" वहिनीने विचारलं.

"माझं," अण्णा म्हणाले. "त्यात काय एवढं? जो दुसऱ्यांना औषधं देतो त्यालाच औषध चालू आहे म्हटल्यावर पेशंटचा विश्वास राहतो का?"

अण्णा त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आधी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या आणि आता त्यांच्या मुलाच्या, छोट्या डॉक्टरांच्या हाताखाली. घरात कुणाला काही झालं की रक्त अण्णाच घरी काढायचे, बाटलीवर बहिणीचं नाव चिकटवायचे, आणि औषधही तिच्याच नावाने आणायचे. डॉक्टरांनी त्यांच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही.

धाकटा हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने. अखेरीस तो खुर्चीत बसला. "म्हणजे आत्याला काहीच झालेलं नाही! वर्षभर मी रात्री उठून तिच्या खोलीचा कानोसा घेत होतो. अरे, तुम्ही माणसं आहात की कोण आहात?" त्याने डोळे पुसले. "साखर भाऊची, प्रेशर अण्णांचं, थायरॉइड तायडीचं…"

तो थांबला.

"मग फिट कुणाच्या?"

वहिनीने एकेकाकडे पाहिलं. खरोखर माहीत नसलेली दोनच माणसं तिथे होती, ती आणि विचारणारा.

*

अण्णांना ते मैदान अजून दिसत होतं. शाळेचं मैदान, मुलांचं कोंडाळं, आणि मध्ये त्यांचा धाकटा, तोंडाला फेस, चप्पल एकीकडे. कोंडाळ्यातल्या एका पोराने नक्कल करून दाखवली होती आणि बाकीची हसली होती. त्या हसण्याचाच अण्णांनी धसका घेतला. आजाराला औषध असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हसण्याला औषध नव्हतं.

"तू आठ वर्षांचा होतास," ते म्हणाले. "दोनदा-तीनदाच आल्या. गोळ्या सुरू केल्या आणि थांबल्या. पुढे औषधही बंद केलं."

"बुद्धीची गोळी," धाकटा म्हणाला. "आत्या रोज रात्री उठवून द्यायची. म्हणायची, गणित चांगलं होईल."

"गणित झालंच की चांगलं," तायडी म्हणाली, आणि कुणी हसलं नाही म्हणून गप्प बसली.

"मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, अण्णा. छपरावर उभा राहून काम करतो. मला माहीत नको?"

"एवढ्या वर्षांत काही झालं का?"

"नाही झालं. पण झालं असतं तर?"

अण्णांना राग आला. आपण चुकलो असं आतून वाटायला लागलं की त्यांना नेहमी रागच यायचा. "तुझ्या कपाळावर शिक्का मारून घ्यायचा होता का मी? शाळेने ठेवला असता? ही नोकरी मिळाली असती? अजून लग्न व्हायचंय तुझं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी खोटं काही केलं नाही. आजार होता, औषध होतं, सगळं खरं होतं. फक्त नाव दुसरं घातलं. तिचं लग्न करायचं नव्हतं, तिला नवी नोकरी धरायची नव्हती. तिचं काय अडणार होतं?"

"आता अडतंय ना," वहिनी म्हणाली. "तिला कुणी विमा देत नाही."

मघाशी हीच आत्यांचं पुढच्या वर्षी बघू म्हणत होती. अण्णांना वाटलं, घरातली माणसं अशी खुर्च्या बदलायला लागली की म्हाताऱ्याने कुणाच्या तोंडाकडे बघावं?

"तिला विमा हवाय कशाला?" ते म्हणाले. "ठणठणीत आहे ती. तिला झालंय काय? आहे ते तिच्याच नावावर राहू दे, आपली नावं कोरी आहेत, आपण कोरीच देऊ. स्वस्तात होईल."

"स्वस्तात होईल," असं कुणीतरी मागून म्हणालं.

पुढच्या दाराला कडी होती म्हणून आत्या मागच्या दाराने आली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती उभी होती, पुस्तकांची पिशवी अजून हातात. किती वेळ उभी होती ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

*

आत्याला रागावता येत नसे असं नाही. छापखान्यात तिच्या हाताखालच्या मुली तिला टरकून असत. पण घरात आली की तिचा राग कुठेतरी घडी होऊन बसायचा. आज तो उलगडत होता आणि तिला स्वतःलाच त्याची भीती वाटत होती.

तिने पिशवी ठेवली, फडताळातून बिस्किटांचा डबा काढला आणि टेबलाच्या मध्यावर आणून ठेवला.

"दादा, मला पित्ताशयात खडा झालाय," ती म्हणाली. "दिवाळं निघेल असं काही नाही. साधं ऑपरेशन आहे. छोट्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, तुमच्यासारखा पेशंट मी बघितला नाही. चार-चार आजार, आणि रक्ताचे रिपोर्ट एखाद्या पोरीसारखे. कसं सांभाळता? मी काय सांगणार, माझा भाऊ सांभाळतो?"

धाकटा हसला आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा वाकडा झाला.

"ते ऑपरेशन इथे करायला तयार नाहीत. साखर, प्रेशर आणि वर फिट, म्हणजे भूल देताना काही झालं तर? मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणतात, सगळी तयारी ठेवून करतील. त्याचा खर्च माझ्या पेन्शनीत बसत नाही. आणि विमा मिळत नाही, कारण तुम्ही सगळे माझ्या नावावर आजारी आहात."

"सांगायचं नाहीस का?" थोरला म्हणाला.

"काय सांगू? आणि कुणाकुणाचं सांगू?" ती खुर्चीत बसली. नकळत तिचा हात बरगडीखाली गेला. "धाकट्याचं मी स्वतः मागून घेतलं होतं. दादा तेव्हा रडत होता. मी म्हटलं, लिही माझं नाव, पोराला हसू देऊ नकोस कुणाला. त्याचं मला कधी ओझं झालं नाही. पण बाकीचं कुणी मला विचारलं? एकदा दार उघडं सापडलं आणि जो तो आपलं सामान आणून टाकत गेला."

तिने डबा उघडला. एक पाकीट काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. एक थोरल्याच्या. एक तायडीच्या. रोज सकाळी ठेवायची त्याच हाताने, त्याच क्रमाने, फक्त या वेळी पाकीटच्या पाकीट. मग तिने डबा बंद केला आणि त्याच्या झाकणावर हात ठेवून बसली.

"माझं?" धाकटा म्हणाला.

"तुझ्या गोळ्या केव्हाच संपल्या."

"आजार तर आहे ना. दे."

"राहू दे रे तो माझ्याकडे. एक चालतो. तीनपर्यंत घेतात म्हणे."

"आत्या, दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आठ वर्षांचा असताना झोपेतून उठवलं की तो असाच हात पुढे करायचा, डोळे मिटलेलेच. गोळी ठेवली की गिळून परत आडवा व्हायचा, कुठलाही प्रश्न न विचारता. आता डोळे उघडे होते. तिने डब्यावरचा हात उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि त्याने तो घट्ट धरला.

"अण्णा," वहिनी उभी राहत म्हणाली, "छोट्या डॉक्टरांना फोन करा."

"रविवारी?"

"सेक्रेटरी दवाखान्यात विचारणारच. त्याआधी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर त्यात विशेषणं असतील."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दवाखान्यात त्यांच्या हातून कधी एक बाटली इकडची तिकडे झाली नाही, असं म्हातारे डॉक्टर चारचौघांत सांगायचे. आता ते नव्हते. त्यांच्या मुलाला, ज्याला अण्णांनी गोवराची पहिली सुई टोचली होती, त्याला सांगायचं होतं की तुझ्या बापाच्या भाबडेपणाचा मी फायदा घेतला. अण्णा फोन घेऊन अंगणात गेले. काचेतून दिसत होतं, ते बोलताना उभे होते, दवाखान्यात उभे राहायचे तसे, दोन्ही टाचा जुळवून. बराच वेळ ते फक्त ऐकत होते. आत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"उद्या सगळ्यांना बोलावलंय," ते म्हणाले. "ज्याचं त्याच्या नावाने रक्त घेणार. काढणार तोच. मला हात लावायचा नाही म्हणाला." थोडं थांबून बहिणीकडे न बघता त्यांनी विचारलं, "दुखतं का फार?"

"रात्री दुखतं."

"मला उठवायचं ना."

"तुझं प्रेशर वाढलं असतं," आत्या म्हणाली, आणि या वेळी दोघंतिघं हसली.

*

क्लबरूममध्ये एकच अडचण होती, ती म्हणजे सेक्रेटरींचे कान. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे समोरच्याला ओरडावं लागायचं आणि तेही उलट ओरडून खात्री करून घ्यायचे. मागच्या बाकांवर निम्मी कॉलनी रांगेत बसली होती. ज्या घराने आयुष्यभर अळीमिळी गुपचिळी केली, त्या घराने दारातूनच परत फिरायला हवं होतं. थोरला तसा फिरलाही होता. वहिनीने त्याच्या कोपराला धरून पुढे ढकललं.

"साखर!" थोरला ओरडला.

"साखर! कधीपासून?"

"लग्नाआधीपासून!" वहिनी त्याच्या वतीने ओरडली, आणि बाकांवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

अण्णांनी आपलं प्रेशर एवढ्या जोरात सांगितलं की ते तिथेच वाढलं असावं. तायडी तिच्या घराचं नाव द्यायला बसली तेव्हा तिचा नवरा मागच्या दारातून आत आला. ती त्याला बघून गोरीमोरी झाली, मग डोळे मिटून तिने थायरॉइड एका दमात सांगून टाकलं. "एवढंच ना?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तू रोज आत्याच्या मायेने पळतेस." ती त्याच्यावर खरोखर चिडली, कारण इतक्या वर्षांची काळजी अशी फुकट जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

धाकट्याची पाळी आली. तो खुर्चीत बसला.

"लहानपणी फिट यायच्या," तो म्हणाला.

"काय?"

"फिट! लहानपणी!"

"फिट! लहानपणी!" सेक्रेटरी ओरडले. मागे कुणी हसलं नाही. अण्णा तरीही भिंतीकडे तोंड करून उभे होते, हसण्याची वाट बघत. ते आलं नाही हे त्यांना पटायला वेळ लागला. मग ते हळूच वळले आणि जवळच्या बाकावर बसले.

शेवटी आत्या. तिने पदर सारखा केला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि हात टेबलावर ठेवले. घरातले सगळे तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"तुमचे किती आजार, आत्या?" सेक्रेटरी म्हणाले. "छोट्या डॉक्टरांना आत्ताच फोन केला, म्हणाले नोंदीत चार आहेत, पण खरं तुम्हीच सांगाल!"

"एक," आत्या म्हणाली. मग त्यांना ऐकू येत नाही हे आठवून ती खुर्चीच्या काठावर सरकली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकच! पण तो माझा आहे!"